काकीमांच्या गाण्याला दिलेला वन्समोर

नाटकाबद्दल मला पुष्कळ मतं आहेत आणि ती कुणाला विचारावी लागत नाहीत. एस्प्लनेडच्या आमच्या बँकेत माझ्या टेबलाशी सही घ्यायला येणाऱ्याला कालच्या प्रयोगाचा निदान पाऊण अंक ऐकावा लागतो. बायको म्हणते, "अहो, तुमचं मत म्हणजे तिसरी घंटा आहे. एकदा वाजली की माणसाला उठून जायची सोय नाही."

बदली होऊन कोलकात्याला आलो त्याला सहा वर्षं झाली. तेवढ्यात इथे जे जे जिवंत रंगमंचावर होतं ते शक्य तितकं पाहिलं, आणि प्रत्येकाबद्दल तक्रार जमा केली. मागे एक झगमगीत संगीत नाटक आलं होतं. फिरता रंगमंच, धूर, पंचवीस-तीस नाचणारे, आणि गाणी सगळी आधी मुद्रित केलेली. नायिका धापा टाकत जिना चढत होती आणि तिचा आवाज मात्र आरामखुर्चीत बसून गात होता. अशा गाण्याला दाद द्यायची तर ती मागे बटणं दाबणाऱ्या माणसाला द्यायला हवी. शास्त्रीय मैफलींचं म्हणाल तर इथला श्रोता जाणकार, पण त्याच्या हातात आता मोबाइल आलाय. मागच्या रांगेत बसलं की गायक तळहाताएवढा दिसतो, आणि तोही सहा-सात ठिकाणी.

मला खरी चटक लागली ती इथल्या ग्रुपच्या नाटकांची. दिवसभर नोकऱ्या करणारी माणसं संध्याकाळी तालीम करतात आणि छोट्याशा नाट्यगृहात प्रयोग लावतात. आपल्याकडे नावाजलेला नट नुसता दारातून आत आला तरी टाळ्या पडतात. इथे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मुख्य नट आला आणि कुणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, या माणसाचं गावात कुणाशी पटत नसावं. त्याच प्रयोगाच्या मध्यंतरात शेजारचे गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "दारुण!" मी म्हटलं, "हो ना. पण बिचाऱ्यांनी मेहनत तरी घेतलीय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की उरलेलं नाटक मी खांबाआड बसून पाहिलं. बंगालीत दारुण म्हणजे फर्मास, हे मला घरी आल्यावर खालच्या काकीमांनी सांगितलं. पोट धरून हसत सांगितलं.

या काकीमांमुळेच पुढचं सगळं घडलं, म्हणून आधी त्यांच्याबद्दल सांगतो. बालीगंजमधल्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहतात, आम्ही त्यांच्या बरोबर वर. वय सत्तरीला टेकलेलं. मुलींच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. मुलगा परदेशी. मला त्या मॅनेजरबाबू म्हणतात आणि माझ्या बायकोला बौमा, म्हणजे सूनबाई. आमच्याशी हिंदीत बोलतात, चिडल्या की बंगालीत. इथे मी ते मराठीतच सांगणार आहे.

एका ग्रुपच्या दिग्दर्शकाने त्यांना नव्या नाटकात घेतलं होतं. एक घर विकलं जातंय, आणि त्या घरात उरलेली म्हातारी आत्या, अशी भूमिका. सतरा-अठरा वाक्यं आणि एक गाणं. गाणं काकीमांच्या आईचं, नदीपलीकडच्या त्यांच्या मूळ गावाकडून आलेलं. कुठल्या पुस्तकात नाही, त्याची तबकडी नाही. काकीमांना येतं म्हणून ते आहे, इतकंच. तालमीच्या पहिल्या आठवड्यात त्या चहाच्या वेळी ते गुणगुणल्या आणि दिग्दर्शकाने ते नाटकात घातलं. मग पुढे त्यालाच ते जड वाटायला लागलं. ग्रुपमधली बाकीची मंडळीही म्हणायला लागली की इथे नाटक थांबतं. शेवटी त्याने काकीमांना सांगितलं, "पहिल्या प्रयोगाला ठेवू. प्रेक्षक चुळबुळले तर दुसऱ्या प्रयोगापासून काढून टाकू. चालेल?"

"मी चालेल म्हणाले," काकीमा आम्हाला म्हणाल्या. "पण चालणार नाही, बौमा. सतरा वाक्यं कुणीही म्हणेल. मी तिथे जातेय ती त्या गाण्यासाठी."

त्यात माझा संबंध आला तो मच्छरदाणीमुळे. आत्या मच्छरदाणी उतरवून घडी घालता घालता गाते असा प्रसंग होता. काकीमांच्या मुलाने त्यांना छत्रीसारखी उघडणारी नवी मच्छरदाणी पाठवलेली. नाटकाला हवी होती जुनी, चार कोपऱ्यांना नाड्या असलेली, आणि ती आमच्याकडे होती. मग महिनाभर, बँकेतून आलो की त्यांच्या बैठकीच्या खोलीत मी दोन नाड्या धरून उभा. मी पलंगाचा खांब झालो होतो. गाणं चार ओळींचं. नावाड्याला हाक मारलेली आहे, बाकी फारसं काही नाही. तिसऱ्या ओळीला सूर वर चढतो, आणि तो चढत असतानाच घर विकत घेणारा माणूस बॅग घेऊन दारात येतो. आत्या गाणं अर्धवट सोडते. चौथी ओळ नाटकात येतच नाही.

"खरं गाणं म्हणजे हे तुटणं आहे," काकीमांनी मला समजावलं होतं. फळ्यावर नदीचं खोरं दाखवावं तसं समजावलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, अशी सबब माझ्याकडे नाही.

उलट मी त्यांना काय समजावत होतो? वन्समोर. आमचे आजोबा संगीत नाटकांचे वेडे. त्यांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट मी काकीमांना मच्छरदाणी धरल्याधरल्या तीनदा सांगितली: नाटकातलं एक पात्र मरता मरता गायलं आणि मेलं. लोकांनी वन्समोर दिला. ते उठलं, पुन्हा गायलं, पुन्हा मेलं. "दुसऱ्या वेळी जरा नीट मेला," असं आजोबा म्हणायचे. सिनेमाला वन्समोर देता येत नाही, मुद्रित गाण्याला देता येत नाही. समोरचा माणूस जिवंत आहे याची पावती म्हणजे वन्समोर, हे माझं सगळ्यात लाडकं मत.

"आणि नाटकाचं काय होतं?" काकीमांनी विचारलं.

"नाटक थांबतं थोडा वेळ. बिघडलं कुठे?"

"आमच्याकडे असं करू नका हं," त्या हसत म्हणाल्या.

प्रयोगाच्या दिवशी आम्ही मेट्रोने वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो. चौथ्या रांगेतल्या खुर्च्या. बायकोने बसता बसताच बजावलं, "अहो, तोंड उघडायचं नाही."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर चॉकलेट दिलं असतं."

नाटक चांगलं होतं. घर विकत घेणाऱ्याचं काम करणारे गृहस्थ खऱ्या आयुष्यात विमा एजंट, त्यामुळे बॅग आणि हसू दोन्ही त्यांचं स्वतःचं होतं. पाऊण तासानंतर आमची मच्छरदाणी रंगमंचावर आली. तिच्यावर आमच्या घरचं एक ठिगळ आहे, ते उजेडात स्पष्ट दिसलं आणि मला उगाचच अभिमान वाटला. काकीमांनी पहिली नाडी सोडली आणि गायला सुरुवात केली. खोलीत महिनाभर ऐकलेलं गाणं हेच, यावर माझा विश्वास बसेना. आवाज मोठा नव्हता. पण सगळ्या नाट्यगृहात एक खुर्ची वाजत नव्हती. दुसरी ओळ झाली. तिसऱ्या ओळीला सूर चढला, चढत गेला, आणि दारात एजंट उभे राहिले. काकीमा थांबल्या. हातातली घडी तशीच.

आणि त्या शांततेत कुणीतरी गरजलं, "वन्समोर!"

एवढा खणखणीत आवाज कुणाचा म्हणून मी वळून पाहणार, तेवढ्यात बायकोची नखं माझ्या मनगटात रुतली.

चारी बाजूंनी माना वळल्या. रंगमंचावर काकीमांनी अंधारात बरोबर आमच्या दिशेने पाहिलं. माझा आवाज त्या ओळखणारच, महिनाभर घरात ऐकत होत्या. अजूनही त्या नुसत्या गप्प राहिल्या असत्या तर एखादा वेडा ओरडला म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. पण त्यांनी मच्छरदाणी खाली ठेवली, प्रेक्षकांकडे तोंड केलं, आणि गाणं पहिल्यापासून म्हटलं. चारही ओळी. एजंट दारात. त्यांनी बॅग खाली ठेवली, मग वाटलं असावं की ठेवायला नको होती, म्हणून पुन्हा उचलली. गाणं संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, चांगल्या वाजवल्या, आणि काकीमांनी किंचित मान लववली. मग नाटक पुढे सुरू झालं, पण घर आता कुणाचंच नव्हतं आणि ते विकलं जातंय याचं कुणाला काही वाटेना.

बाहेर एक तरुण माझ्याजवळ येऊन आदराने म्हणाला, "प्रेक्षकांत बसलेलं पात्र, कल्पना छान होती. आपण कुठल्या ग्रुपचे?"

"मराठी," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "अहो, घरी चला."

"काकीमांना भेटून जाऊ."

"कुठल्या तोंडाने भेटणार?"

पण मी रंगपटात गेलो. काकीमा आरशासमोर खोबरेल तेलाने रंग पुसत होत्या. वळल्या नाहीत. चाळिशीतले, बारीक चणीचे दिग्दर्शक माझ्यासमोर आले.

"ते तुम्ही होतात?"

"हो. म्हणजे, मला राहवलं नाही."

"मी दुसऱ्या ओळीलाच ठरवलं होतं," ते अगदी शांतपणे म्हणाले. "गाणं ठेवायचं. एक माणूस हलला नव्हता." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी मच्छरदाणी धुऊन, इस्त्रीसारखी घडी घालून आमच्या दाराशी आली. बायको खाली जाऊन आली आणि म्हणाली, "काकीमांनी स्वतःच सांगितलंय गाणं काढा म्हणून. घडी घालणार, पण मुक्याने."

मी खाली गेलो. त्या दार उघडून दारातच उभ्या राहिल्या.

"काकीमा, चूक माझी. गाण्यावर कशाला राग काढता?"

"तुमच्यावर राग नाही, मॅनेजरबाबू. तुम्ही ओरडलात, ओरडणारे ओरडतात. मला कुणी सांगितलं होतं पुन्हा गा म्हणून?" दाराची कडी चाचपत त्या म्हणाल्या, "पहिल्या वेळी मी त्या मच्छरदाणीसाठी गात होते. दुसऱ्या वेळी तुम्हा लोकांसाठी गायले. आणि मला ते आवडलं. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, भूगोलाला कुणी वन्समोर देत नाही. आता पुन्हा गायला लागले तर माझा एक कान प्रेक्षकांत राहणार, कुणी ओरडतंय का ऐकायला. मग ती आत्या राहणार नाही. ते गाणंही आईचं राहणार नाही."

मी वर आलो आणि बायकोला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, स्वतःचं मत न घालता. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

रविवारी मी फेरी बोटीने हावड्याला गेलो. दिग्दर्शकांचं तिथे लेथचं छोटं वर्कशॉप आहे. ते डोळ्यांवर चष्मा चढवून एक दांडा घासत होते. मला पाहून त्यांनी यंत्र बंद केलं नाही, म्हणून मला माझी माफी ओरडून मागावी लागली. शेजारच्या कारागिराने मान वर करून पाहिलं. शेवटी त्यांनी यंत्र थांबवलं.

"तुमचा आवाज खरंच मोठा आहे," ते म्हणाले.

"तुम्ही त्यांना समजावा. तुमच्या शब्दाला मान देतील."

"दिदिमणींना मी काय समजावणार? माझ्या बहिणीला त्यांनी शिकवलंय. घरात आम्ही सगळे त्यांना घाबरतो." दिदिमणी म्हणजे शाळेतल्या बाई. दिग्दर्शकांनी हात पुसले. "मी त्यांना एवढंच सांगेन की आधी ठरवू नका. मच्छरदाणी हातात घ्या. आलं तर गा, नाही आलं तर घडी घाला. तुम्ही थांबलात किंवा घडी संपली, की घर घेणाऱ्याची एंट्री होईल. पण एक अट आहे, प्रयोगाला तुम्हाला स्वतःला यावं लागेल."

"मला? मी तर म्हणत होतो, मी लांबच राहतो."

"लांब राहिलात तर त्यांना वाटेल कुठल्यातरी कोपऱ्यात बसला असेल. सगळा वेळ तुमचीच वाट पाहतील. पहिल्या रांगेत बसा, कडेला, जिथे रंगमंचावरचा उजेड पडतो. तुम्ही दिसला पाहिजेत. तोंड बंद असलेले दिसला पाहिजेत."

दुसऱ्या प्रयोगाला मी तिथे बसलो. शाळेत पुढच्या बाकावर आणून बसवलेला पोरगा कसा बसतो, तसा. दोन्ही हात मांड्यांखाली. काकीमा पहिल्याच प्रवेशात आल्या, मला पाहिलं, आणि त्यांचं वाक्य त्यांनी जरा जास्तच मोठ्याने म्हटलं. बायको कुजबुजली, "पाहिलं त्यांनी." मी मान हलवली. मान हलवणंही बंद करावं, असं तिने कोपराने सुचवलं.

आमच्याकडून पुन्हा नेलेली मच्छरदाणी आली. काकीमांनी पहिली नाडी सोडली. गाणं नाही. दुसरी सोडली. नाही. तिसरी, चौथी. त्या कापडाची टोकं जुळवायला लागल्या, एक घडी झाली, दुसरी झाली, आणि मी मनात म्हटलं, गेलं. आता एकच घडी उरली होती. ती घालायला त्या पलंगावर बसल्या, आमच्याकडे पाठ करून, आणि तेव्हा गाणं आलं. इतकं हळू की पहिले दोन शब्द मला आठवणीतून जोडावे लागले. पहिली ओळ. दुसरी ओळ. आणि त्या थांबल्या. कुणी आलं नव्हतं, काही झालं नव्हतं; एक नाडी घडीत अडकली होती, ती त्यांनी सोडवली, आणि पुढे गायल्या नाहीत. एजंट तिसऱ्या ओळीच्या हिशेबाने मागे उभे असणार. त्यांना घाईने यावं लागलं, बॅगेचा पट्टा लोंबत होता. काकीमांनी वर पाहिलं. कुणी टाळी वाजवली नाही. मीही नाही.

प्रयोगानंतर रंगपटात दिग्दर्शक एवढंच म्हणाले, "दिदिमणी, गाणं राहील. दोन ओळी. पुढच्या प्रयोगालाही इथेच थांबायचं." काकीमांनी पिशवीतून लाल पेन काढलं आणि संहितेत दुसऱ्या ओळीखाली रेघ मारली. मग माझ्याकडे वळल्या.

"मॅनेजरबाबू, कसं झालं?"

"छान."

"एवढंच?"

"एवढंच."

परतताना टॅक्सीत बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

बरं वाटत होतं. नाटक म्हणून दिग्दर्शकांचंच बरोबर. दोन ओळींत थांबलेला तो प्रवेश पहिल्या प्रयोगापेक्षा चांगला आहे, हे मलाही दिसतं. पण गाण्यात जे काही आहे ते तिसऱ्या ओळीत आहे. सूर चढतो तो तिथे. दोन नाड्या धरून महिनाभर मी तीच ओळ ऐकायला उभा राहत होतो, आणि ती आता कुठल्याच प्रयोगात येणार नाही, ती माझ्यामुळे. मला ती हवी आहे. हे मत मी काकीमांना, दिग्दर्शकांना, बँकेत, कुणालाही दिलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

तालमी अजून चालू आहेत, पुढचे प्रयोग ठरताहेत. सकाळी चहा टाकायला मी स्वयंपाकघरात गेलो की खिडकीतून खालचं ऐकू येतं. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि मग नळाचं पाणी.